अडवलेल्या गोष्टींची यादी

पासवर्ड बरोबर होता. तो मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला होता आणि दोन दिवसांत इतक्यांदा टाइप केला होता, की बोटं आपोआप त्या अक्षरांवर जायची. मोबाईलवर ओटीपी यायचा, तो भरला की हिरवी खूण दिसायची. ‘स्वागत आहे, उज्ज्वला महादेव रेडेकर’ अशी ओळसुद्धा यायची. मग ‘माहिती पाहा’वर दाबलं की लॅपटॉपवर पान क्षणभर पांढरं व्हायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. नाव टाका. पासवर्ड टाका.

शुक्रवार होता, सकाळचे साडेदहा. मुदत दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी संपणार होती.

आजऱ्याला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी शिवणक्लास घ्यायचे. शुक्रवारी एकट्या लोबोबाई यायच्या. वय बासष्ट. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या, निवृत्त झाल्यावर ब्लाउज शिवायला शिकत होत्या. “गावातल्या एकाही शिंप्यानं मला बसेल असा ब्लाउज शिवला नाही, आता मीच बघते,” असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्या माझ्याकडं पाठ करून अस्तर बेतत बसल्या होत्या. कात्री थांबली, तसं माझ्या लक्षात आलं की त्या ऐकतायत.

“उज्ज्वला, काय चाललंय गं? अर्धा तास तीच टकटक ऐकतेय मी.”

“काही नाही बाई. फॉर्म भरायचाय एक.”

“कसला?”

“सरकारी.”

त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. “सरकारी फॉर्म भरताना माणसाला राग येतो. डोळ्यांत पाणी येत नाही.”

मी पदरानं तोंड पुसलं. सांगायचं की नाही, हे ठरवायला मला वेळ लागला. तोवर ही गोष्ट आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हती. सासूबाईंना नाही, माहेरी नाही. गावात सायबर कॅफे होता, पण तो माझ्या जावेच्या भावाचा. तिथं बसून हे पान उघडलं असतं, तर संध्याकाळपर्यंत घरोघर चर्चा झाली असती. आणि झालं नाहीच काही, तर त्या चर्चेचं तोंड मी कसं बंद करणार होते?

“आम्ही मूल दत्तक घ्यायला नाव नोंदवलंय,” मी म्हटलं. “अडीच वर्षं झाली. बुधवारी मेसेज आला, तुमच्यासाठी एका बाळाची माहिती आली आहे म्हणून. दोन दिवसांत बघून हो म्हणायचं. नाहीतर बाळ पुढच्या नंबराला जातं आणि आम्ही मागं.”

“मग?”

“मग काय. दारच उघडेना झालंय. मोबाईलवर बघितलं, तिथंही हेच. हेल्पलाइनला तीनदा फोन केला. ती मुलगी चांगली बोलली बिचारी, पण म्हणते, मॅडम, आमच्याकडं सगळं सुरू आहे, बाकीच्या लोकांचं होतंय, तुमच्या ब्राउझरमध्ये काहीतरी असेल. आता ब्राउझरमध्ये म्हणजे नक्की कुठं बघू मी?”

“महादेव कुठाय?”

“पेरणवाडीला. सोलर पंप बसवायला गेलेत बुधवारी सकाळीच. मेसेज आला दुपारी. तिथं डोंगरात रेंज नाही. आज रात्रीपर्यंत येतो म्हणालेत.”

लोबोबाईंनी कात्री खाली ठेवली. बोटातलं शिवणाचं टोपण काढलं, चष्मा पुसला आणि स्टूल ओढून माझ्याशेजारी बसल्या. मूल, दत्तक, का, कसं, यातलं एक अक्षर विचारलं नाही. म्हणाल्या, “सरक. लाइन कुठं तुटलीय ते बघू.”

“तुम्हाला येतं यातलं?”

“यातलं नाही येत. पण आवाज का पोचत नाही, हे शोधण्यात जन्म गेलाय माझा. इकडचा फोन चांगला, तिकडचा चांगला, तर बिघाड मधे असतो. एकेक खांब बघत जायचं. कर परत, अगदी हळू. मला बघू दे.”

मी परत सुरुवात केली. नाव, पासवर्ड, ओटीपी. त्या पडद्याला नाक लावून बघत होत्या.

“थांब. वर बघ. वरचा पत्ता बदलला.”

मी कधी त्या पट्टीकडं बघितलंच नव्हतं. खरोखरच, ओटीपी भरल्यावर वरचा पत्ता क्षणभर वेगळाच व्हायचा आणि मग पुन्हा मूळ पत्त्यावर यायचा.

“म्हणजे तुझं नाव तपासायचं काम दुसऱ्याच खोलीत होतंय,” बाई म्हणाल्या. “तिथून ते तुला चिठ्ठी देतात, ही बाई खरी आहे म्हणून. ती चिठ्ठी घेऊन तू परत इकडं येतेस. इकडचा विचारतो, चिठ्ठी कुठाय? आणि तुझ्या हातात काहीच नाही. चिठ्ठी मधे कोण काढून घेतंय?”

त्यांनी पत्त्याच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. तिथं एक बारीक ढाल होती. जांभळी. मला वाटायचं ती शोभेला आहे. त्यावर दाबलं, तशी एक चौकट उघडली. बाई एक्स्चेंजमध्ये साहेबांची पत्रं वाचून दाखवायच्या त्या आवाजात इंग्रजी वाचत होत्या. या पानावर माग काढणाऱ्या अमुक इतक्या गोष्टी अडवल्या आहेत. दुसऱ्या साइटच्या कुकीज अडवल्या आहेत. संरक्षणाची पातळी, स्ट्रिक्ट.

“कडक पहारा लावलाय गं कुणीतरी. बाहेरचं कुणीच आत नको, असा. म्हणून चिठ्ठीवाल्यालाही हाकलतोय. तू केलंस हे?”

“मी नाही. ह्यांनी केलं असेल. मागं एकदा म्हणाले होते, व्हायरस येऊ नये म्हणून थोडी सेटिंग बदललीय. माझ्या मोबाईलवरही तेच केलं होतं.”

“नुसत्या व्हायरससाठी?” त्यांनी उजव्या कोपऱ्यातल्या एका लाल खुणेकडं बाण नेला. “आणि हे काय? हा दुसरा पहारेकरी दिसतोय.”

तिथं दाबलं, आणखी एकदा दाबलं, आणि पडदाभर एक यादी उघडली. ओळीखाली ओळ. प्रत्येक ओळीच्या वर तारीख आणि कुठल्यातरी साइटचं नाव. हातानं एकेक करून अडवलेल्या गोष्टी होत्या त्या. ‘ही जाहिरात पुन्हा दाखवू नको’ असं बोट ठेवून सांगितलं, की ती यादीत जाऊन बसत असणार.

लोबोबाईंनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “बाळांचे कपडे. पाळणे. परत पाळणे. हॉस्पिटल दिसतंय, मूल होण्याच्या उपचारांचं. डायपर. अंगाई गीतां…”

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडं फिरवला आणि उठून खिडकीपाशी गेल्या.

मी पहिली तारीख बघितली. चौदा ऑगस्ट, तीन वर्षांपूर्वीची.

त्याआधी नऊ दिवस माझं बाळ गेलं होतं. सातव्या महिन्यात. त्याच्या आधी दोनदा लवकरच गेलं होतं, पण सातव्यापर्यंत आल्यावर आम्ही दोघंही बेसावध झालो होतो. मी लॅपटॉपवर झबली बघितली होती, दुपटी बघितली होती, नावं शोधली होती. गडहिंग्लजच्या दवाखान्यातून घरी आले आणि आठवड्यानं ब्लाउजच्या गळ्यांचे नमुने बघायला बसले, तर नमुन्यांच्या शेजारी झबली. बातमी वाचायला घेतली, तर बातमीच्या मधोमध हसरं बाळ. यूट्यूब लावलं तर दुधाची पावडर. मी काय शोधलं होतं हे त्या लोकांना माहीत होतं, पुढं काय झालं हे माहीत नव्हतं. मी लॅपटॉप मिटायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचे. मला वाटायचं, रडण्याचा आवाज बाहेर जात नाही.

मग कधीतरी ते सगळं थांबलं. ब्लाउजच्या शेजारी नुसते ब्लाउज उरले.

यादी मी खाली खाली नेत राहिले. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, पार फेब्रुवारीपर्यंत. काही दिवशी तीन-तीन, चार-चार ओळी. त्या काळात हे पहाटे लवकर उठून लॅपटॉप घेऊन बसायचे. मी विचारलं की म्हणायचे, “कोटेशन करतोय.” म्हणजे मी बसायच्या आधी माझ्याच साइट उघडून, माझ्यासमोर काय काय येईल ते बघून, एकेक खुडून ठेवायचे. सहा महिने. आणि माझ्याशी या विषयावर एक शब्द बोलले नव्हते. बाळ गेल्यावर दवाखान्यातही बोलले नव्हते, नुसते पायांशी बसून राहिले होते. त्या न बोलण्याचा मला इतका राग आला होता, की तो अडीच-तीन वर्षं पुरला.

“उज्ज्वला,” लोबोबाई खिडकीतूनच म्हणाल्या, “पावणेबारा झाले. काय करायचं? सगळा पहारा काढून टाकायचा का?”

“नको,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच नवा वाटला. “ह्या यादीला हात लावायचा नाही. एवढ्या एका साइटलाच वाट देता येते का बघा.”

देता येत होती. ढालीखालच्या चौकटीत एक बटण होतं, फक्त या साइटपुरतं. बाईंनी ते सरकवलं. लाल खुणेतही तसंच एक होतं, तेही केलं. पान परत आलं. नाव. पासवर्ड. ओटीपी. वरचा पत्ता बदलला आणि परत फिरला. मी ‘माहिती पाहा’वर दाबलं.

फोटो वरून खाली हळूहळू उघडला. आधी केस, कसेही कापलेले. मग कपाळ. मग डोळे. पिवळा फ्रॉक घातलेली मुलगी, हातात डब्याचं झाकण, आणि कॅमेऱ्याकडं न बघता कुठंतरी बाजूला बघत होती. संस्थेनं ठेवलेलं नाव, कावेरी. वय दोन वर्षं दोन महिने.

“येशू,” लोबोबाई पुटपुटल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

खाली डॉक्टरांचा अहवाल होता. वजन कमी. डावा डोळा किंचित तिरका. चालते. अजून शब्द बोलत नाही, तपासणीचा सल्ला.

ती शेवटची ओळ मी तीनदा वाचली. खाली दोन बटणं होती, राखून ठेवा आणि नको.

“बाई, मी एकटी कसं दाबू? ह्यांनी फोटोही बघितला नाही. अहवालात असं लिहिलंय. उद्या म्हणाले, मला विचारायचं तरी होतंस…”

“मग विचार.”

“कसं विचारू? रेंज नाही तिथं.”

“मोबाईलला नाही.” त्या ताठ बसल्या, डोळे मिटले आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर हलवू लागल्या, जणू समोर बोर्ड आहे. “पेरणवाडी. एक तारेचा फोन शाळेला होता, तो काढला. एक दूध डेअरीत. दुधाचे आकडे सांगायला रोज संध्याकाळी लावून द्यायचे मी. लिहून घे.”

त्यांनी नंबर सांगितला, मी लावला. बराच वेळ रिंग गेली. कुणीतरी उचलला, तसा बाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

“हॅलो, आजरा बोलतोय,” त्या म्हणाल्या. आवाज एकदम वीस वर्षांनी तरुण आणि कडक झाला होता. “तुमच्याकडं सोलर पंपाचं काम चाललंय. रेडेकर मिस्त्री. त्यांना फोनवर बोलवा, अर्जंट.”

पलीकडचा माणूस घाबरला. इकडं मलाही ऐकू येत होतं. “कोण आजारी हाय काय बाई? ते लांब हाईत, वढ्याच्या पल्याड.”

“कुणी आजारी नाही. चांगली बातमी आहे. म्हणून तर पळा म्हणते.”

“गाडी पाठवतो. पण घंटाभर लागंल.”

“लागू दे. नंबर लिहून घ्या, आम्ही इथंच आहोत.”

तो तास मला अजून आठवतो. पान आपोआप बंद पडू नये म्हणून मी दर दोन-तीन मिनिटांनी ते वरखाली करत होते, आणि दर वेळी ती मुलगी वर जाऊन खाली यायची. लोबोबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. माझ्या डब्यांमधली साखर त्यांना सापडली नाही, म्हणून गुळाचा केला. मग त्यांनी अस्तर घेतलं आणि हातशिलाई घालत बसल्या. मधेच म्हणाल्या, “माझा फिलिप तीन वर्षांचा होईतो बोलला नव्हता. आता पुण्याला वकील आहे. समोरच्याला बोलू देत नाही.”

एक वीसला फोन वाजला.

“उज्ज्वला? काय झालं?” ह्यांना दम लागला होता. मागं दुधाच्या कॅनचा आवाज येत होता. “बरी आहेस ना?”

“बरी आहे. अहो, मेसेज आलाय. मुलगी आहे. दोन वर्षांची.”

पलीकडं काहीच नाही. मला ती शांतता माहीत होती. पण त्या दिवशी पहिल्यांदाच मी ती रिकामी समजले नाही.

“साइट उघडत नव्हती,” मी म्हटलं. “तुम्ही ते पहारे बसवले होते ना, त्यामुळं. मी ती यादी बघितली.”

“कुठली?”

“पाळण्यांची.”

मग म्हणाले, “तू नळ सोडायचीस. मला ऐकू यायचं.”

“मला वेगळंच वाटलं होतं हो,” मी म्हटलं. लोबोबाई उठून परसात गेल्या. “त्या जाहिराती बंद झाल्या ना, तेव्हा मला वाटलं, त्यांनासुद्धा कळलं की हिला आता मूल होणार नाही. कॉम्प्युटरनंही आपला नाद सोडला, असं वाटलं मला.”

“अगं…” ते म्हणाले. “तसं नव्हतं गं. तुला जरा थारा मिळावा म्हणून.”

“आता कळलं.”

“सांगायला पाहिजे होतं मी.”

“पाहिजे होतं.”

दोघंही थोडं हसलो. मग मी त्यांना फोटो सांगितला. केस, फ्रॉक, झाकण. वजन कमी आहे म्हणून सांगितलं, डोळ्याचं सांगितलं. आणि शेवटी ते सांगितलं. “अजून बोलत नाही म्हणे. तपासून घ्या असं लिहिलंय.”

“मी तरी कुठं बोलतो?” ते म्हणाले.

मला हसू आणि रडू एकदमच आलं.

“दाबू मग?”

“दाब. नीट दाब, दोनदा होऊ दे नको.” आणि मग, फोन ठेवता ठेवता, “मी निघतोच. दोन नट राहिलेत फक्त.”

मी दाबलं. दुपारी एक वाजून एकतीस मिनिटं. पडद्यावर हिरव्या पट्टीत आलं, की हे बालक तुमच्यासाठी राखून ठेवलं आहे, वीस दिवसांत भेट घ्यावी. मी लोबोबाईंना हाक मारली. त्या परसातून आल्या, पट्टी मोठ्यानं वाचली, कपाळ, छाती, खांदे असा क्रूस केला आणि म्हणाल्या, “लाइन मिळाली.”

त्याला आता आठ वर्षं झाली. कावेरीच्या डोळ्याचं लहानसं ऑपरेशन झालं. ती साडेतीन वर्षांची असताना बोलायला लागली आणि आता दहाव्या वर्षी तिला गप्प बसवायला आम्ही लोबोबाईंकडं पाठवतो, तर तिथं जाऊन ती त्यांनाच गप्प करते. ह्यांचंही बोलणं वाढलं. फार नाही. पण काही करून ठेवलं तर आता सांगतात, आणि मीही नळ सोडत नाही, समोर बसून रडते.

तिला घेऊन आलो तो दिवस मार्चमधला. संस्था सोलापूरची. कागदांवर सह्या झाल्या, तिथल्या मावशींनी तिचे दोन फ्रॉक पिशवीत घालून दिले आणि आम्ही कोल्हापूरची एसटी धरली. सांगोल्यापर्यंत ती माझ्या मांडीवर ताठ बसून होती, आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ह्यांच्याकडं सरकली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. शर्ट लाळेनं भिजला. हे हललेसुद्धा नाहीत.

कंडक्टर आला. “कुठं?”

“कोल्हापूर,” हे म्हणाले. “अडीच द्या.”

“पोरगी किती वर्षांची?”

“दोन.”

“मग हिचं लागत नाही की. पाचाच्या आतलं फुकट आहे.”

“माहीत आहे,” हे म्हणाले. “तरी द्या.”

कंडक्टरनं एकदा ह्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, एकदा तिच्या कसेही कापलेल्या केसांकडं. काय समजला ते त्यालाच माहीत. मशीनचं बटण दाबून त्यानं दोन पूर्ण आणि एक अर्धं तिकीट काढलं. अर्धं तिकीट ह्यांनी अगदी हळू तिच्या मुठीत सरकवलं. तेवढ्यानंही तिला जाग आली. तिनं ते उलटसुलट करून बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं, आणि चटकन तोंडात घालून चावायला लागली.